दत्तक झाडांची टेकडी

झाडं लावणं हे माझं काम नव्हतं. माझं काम झाडांविषयी पत्रं लिहिण्याचं. विमा कंपनीतली नोकरी मी मुदतीआधीच सोडली होती, घरात बसवत नव्हतं, आणि नवीन पनवेलमध्ये आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका छोट्या संस्थेला मराठी-इंग्रजी नीट लिहिणारं माणूस हवं होतं. संस्था म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली, एक संगणक आणि सर. सर वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. इथल्या डोंगरांवर पूर्वी निमसदाहरित जंगल होतं, ते वर माथेरानपर्यंत सलग होतं आणि ते परत आणता येतं, असं त्यांचं म्हणणं. ‘परत आणता येतं’ हे ते इतक्या सहज म्हणायचे, की जणू इस्त्रीला दिलेले कपडेच आणायचे आहेत.

पद्धत सोपी होती. मुंबई-पुण्याची माणसं एखादं झाड दत्तक घ्यायची. कुणी मुलाच्या वाढदिवसाला, कुणी वडिलांच्या आठवणीत. आम्ही इथलंच झाड लावायचो: ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, कुंभा. गुलमोहर मागितला तर सर फोनवरच रागवायचे. खड्डा, खत, गवत काढणं, उन्हाळ्यात पाणी, हे सगळं तीन वर्षं आमच्याकडे. आणि वर्षातून दोनदा मी झाडाचा फोटो आणि चार ओळी पाठवायच्या. ‘आपलं झाड आता कमरेएवढं झालं आहे. पावसाळ्यात त्याला तांबूस पालवी आली.’ मला ते लिहायला आवडायचं. विम्याच्या पत्रात कधी पालवी आली नव्हती.

टेकडी एका शेतकरी बाईंची होती, आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. पनवेलहून रिक्षाने अर्ध्या तासावर त्यांचं गाव. खाली भाताची शेतं, वर वरकस, म्हणजे जिथे नुसतं गवत उगवतं अशी उताराची जमीन. मावशींचे यजमान वारलेले, दोन मुलगे, एक रेतीच्या धंद्यात, एक जमिनीच्या दलालीत. मावशी मात्र अजून रानात फिरणाऱ्या. बेहड्याच्या, बिब्ब्याच्या, शिवणीच्या बिया त्याच गोळा करून आणायच्या आणि रोपं त्यांच्याच परसात पिशव्यांमध्ये वाढायची. सरांनी टेकडीवर झाडं लावायची परवानगी मागितली तेव्हा मी बरोबर होते. ओटीवर बसून चहा पिताना मावशी म्हणाल्या, “लावा की. गवताला कोन पुसतोय आता? गुरां नाय, काय नाय.”

सर म्हणाले, “मग ठरलं.” कागद कुणी केला नाही. माझी वीस वर्षं विम्यात गेली होती, तरी मलाही सुचलं नाही.

काका आले ते दुसऱ्या पावसाळ्यात. सुकापूरला एका सोसायटीत राहणारे, पोस्टातून निवृत्त झालेले. बायको आदल्या वर्षी गेलेली. आमच्या खोलीत येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, “मला बकुळ हवी. तिला आवडायची. गजरा नाही, नुसती फुलं. रुमालात बांधून कपाटात ठेवायची.”

सर म्हणाले, “बकुळ फार सावकाश वाढते हो.”

“मला घाई नाही.”

“फुलं यायला बरीच वर्षं लागतील.”

“म्हणजे मला दिसायची नाहीत.”

सरांनी फॉर्म पुढे केला. काकांनी तो भरायला घेतला.

आमच्याकडे झाड दत्तक घेणारी बहुतेक माणसं टेकडीवर कधी आली नाहीत. काका लावायच्या दिवशीच आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. खड्ड्यात रोप स्वतः ठेवलं आणि भोवती आळं करायला उतारावरचे काळे दगड वेचून आणून नीट गोल रचले. मावशी बघत होत्या. म्हणाल्या, “हा माणूस चूल घालील बगा, येवढा नीट.” काका हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

त्याच हिवाळ्यानंतर वणवा लागला. दरवर्षी इकडे गवत पेटवतात. कुणी नवं गवत फुटावं म्हणून, कुणी ससे उठवायला, कुणी उगाच. आम्ही टेकडीभोवती गवत कापून पट्टा मोकळा ठेवला होता, पण वारा होता. दुपारी मावशींचा फोन आला आणि आम्ही पोचलो तेव्हा अर्धा उतार जळून गेला होता. मावशी आणि गावातली दोन-चार माणसं हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होती. मीही एक फांदी घेतली. गवत जळतं ते इतक्या वेगाने, की आपण फांदी उचलेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं. सर खाली बांधावर बसून राहिले. संध्याकाळी सगळं विझलं. आधाराच्या काठ्या जळाल्या होत्या आणि नावांच्या पत्र्याच्या पाट्या मात्र काळ्या पडून जागच्या जागी पडल्या होत्या.

पुढच्याच महिन्यात फोटो पाठवायचे होते.

“काय पाठवायचं?” मी सरांना विचारलं.

“पूर्वेकडची वाचलीत ना. त्यांचे फोटो घे.”

“सर, ती दुसऱ्यांची आहेत.”

“लोकांना खरं सांगितलं तर पुढच्या वर्षी कुणी झाड घेणार नाही. मग जळालेली पुन्हा लावायची कशी?” त्यांचा आवाज चिडका नव्हता, दमलेला होता. “पावसाळ्यात पुन्हा लावू सगळी. तोवर फोटो पाठव.”

मी पाठवले. एकेक झाड चार-चार बाजूंनी काढलं आणि वेगवेगळ्या नावांनी पाठवलं. काकांना दुसऱ्या एका बकुळीचा फोटो गेला. खाली मी लिहिलं, ‘आपली बकुळ सुखरूप आहे.’ सुखरूप हा शब्द कुणी मला लिहायला सांगितला नव्हता.

आठ दिवसांनी काका खोलीत आले. फोटो त्यांनी दुकानातून छापून आणला होता. तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला. “हिच्याभोवती दगड नाहीत.”

मी फोटो हातात घेतला.

“मी काल टेकडीवर जाऊन आलो,” ते म्हणाले. “माझे दगड तिथेच आहेत. मधे काही नाही.”

मी सांगितलं सगळं. सर बाहेर गेले होते, त्यामुळे सांगणं सोपं गेलं. काका ओरडतील, संस्थेची तक्रार करतील असं वाटत होतं. त्यांनी तसं काही केलं नाही. फोटो घडी करून खिशात घातला आणि विचारलं, “तिथे पाणी कुठून आणतात?”

त्या उन्हाळ्यात काका आठवड्यातून दोनदा जायचे. मावशींच्या विहिरीवरून पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून उतार चढायचे आणि मोकळ्या आळ्यात ओतायचे. मी त्यांना म्हटलं, पावसाळ्यात नवीन रोप लावू. ते म्हणाले, “लावा. पण हिचं मूळ आत असेल तर?” मूळ होतं. मे महिन्यात जळक्या बुंध्याशी दोन हिरवे कोंभ आले. त्यांनी मला फोन केला आणि नुसतं म्हणाले, “आली.” मी रिक्षात बसून टेकडीवर गेले. आम्ही दोघं त्या दोन कोंभांपाशी कितीतरी वेळ उकिडवे बसून होतो. या सगळ्या वर्षांत मला झालेला आनंद तेवढाच, असं म्हटलं तरी चालेल.

पुढची दोन वर्षं बरी गेली. वणवा आला तो पट्ट्यापाशी थांबला. ऐन डोक्याच्या वर गेले. करंजाखाली सावली पडायला लागली आणि सर म्हणाले, आता सावलीतली झाडं लावता येतील, खरं जंगल इथून सुरू होतं. बकुळ काकांच्या छातीपर्यंत आली होती.

मग मावशींच्या मुलांनी टेकडी विकली.

आम्हाला कळलं ते खुणेच्या दगडांवरून. उतारावर चुना मारलेले दगड दिसायला लागले. सर आणि मी मावशींकडे गेलो. त्या ओटीवर सुपात तांदूळ पाखडत होत्या. आम्हाला बघून सूप खाली ठेवलं, पण उठल्या नाहीत.

“मावशी, आम्हाला एकदा सांगायचं तरी,” सर म्हणाले.

“काय सांगू? पोरांनी कागुद आनला, सही केली.”

“पाच वर्षांची झाडं आहेत ती.”

“माज्या हातानं बिया येचल्यान मी. मला नाय माहीत?” त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. “जासईला माज्या भावाचं मिठागर होतं. आता तिथं कंटेनर उभं हायत. त्याला कुनी इचारलं? मला तरी कोन इचारतंय. तुमी कागुद केला असता तर मी बोट दाखवला असता, का हे बगा, असं लिवलंय.”

सरांनी मान खाली घातली. त्यानंतर ते खोलीवर फारसे आलेच नाहीत. काही महिन्यांनी पुण्याला मुलीकडे राहायला गेले.

तिथे प्लॉट पाडून बंगले होणार होते. जेसीबी आला तो पावसाळ्याच्या तोंडावर. काका आणि मी तिथे गेलो. वरचा अर्धा उतार एव्हाना लाल मातीचा झाला होता. ऐन मुळांसकट एका बाजूला ढीग करून टाकले होते. पाच वर्षांचं झाड उपटायला त्या यंत्राला किती वेळ लागतो, ते मी उभी राहून पाहिलं.

बकुळ अजून होती. जेसीबीवाला उत्तरेकडचा, पंचविशीचा माणूस. काकांनी त्याला आपल्या मोडक्या हिंदीत विनवलं की एवढं एक झाड मातीसकट काढून द्या. तो आधी नाही म्हणाला, मग सुपरवायझर जेवायला गेल्यावर म्हणाला, “बोलो, किधर से उठाऊँ?” त्याने खरोखर जपून, चारही बाजूंनी खणून झाड उचललं. पण उतारावरची माती ती, मुरमाड. वर घेता घेताच अर्धी गळून पडली आणि मुळं उघडी पडली. आम्ही बकुळ ओल्या पोत्यात गुंडाळून टेंपोने सुकापूरला आणली.

सोसायटीच्या अध्यक्षांनी कंपाउंडच्या भिंतीलगत लावायला परवानगी दिली, गाड्या उभ्या करण्याच्या जागेशेजारी. आठवड्यात पानं गळाली. काका रोज पाणी घालत होते. पाऊस सुरू झाला तरी घालत होते. मी गेले की ते मला म्हणायचे, “तुम्ही बघा बरं, तुम्हाला कळतं.” मला काही कळत नव्हतं, मी पत्रं लिहिणारी बाई. सरांना पाहिलं होतं तसं नखाने साल खरवडून बघायचे. साल खरवडल्यावर आत हिरवं असलं तर झाड जिवंत. पहिल्या खेपेला हिरवं होतं. दुसऱ्या खेपेला वर तपकिरी, खाली हिरवं. तिसऱ्या खेपेला मी अगदी जमिनीलगत खरवडलं.

“आहे का?” काकांनी विचारलं.

“आहे,” मी म्हणाले.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चहा घेणार का?” आम्ही वर जाऊन चहा घेतला. भिंतीवर काकूंचा फोटो होता. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं.

गणपतीत मांडव घालताना सोसायटीने ते वाळलेलं झाड काढून टाकलं. काकांना विचारलं होतं म्हणे. ते हो म्हणाले.

शेवटची पत्रं मीच लिहिली. या वेळी खरं लिहिलं: जमीन विकली गेली, झाडं राहिली नाहीत, आम्ही दिलगीर आहोत. ज्यांना मी खोटे फोटो पाठवले होते त्यांना तेही लिहिलं. वाटलं आता फोन खणखणतील. फोन फार आलेच नाहीत. बऱ्याच जणांनी उत्तरच दिलं नाही. एका बाईंनी कळवलं, ‘कळवल्याबद्दल धन्यवाद.’ एका गृहस्थांनी विचारलं की झाड दत्तक घेतल्याचं जुनं प्रमाणपत्र चालेल की नवीन मिळेल. मला त्यांच्या रागाची भीती वाटत होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. ती झाडं आमच्याशिवाय कुणाच्या मनातही उगवली नव्हती, हे मला पत्रांची उत्तरं न आल्यावर समजलं.

मावशींच्या परसातली उरलेली रोपं कुणी नेली नाहीत. पिशव्या फाडून मुळं जमिनीत गेली, आणि तिथे मुलाने गाडीसाठी शेड बांधली. मी त्या रस्त्याने जात नाही. दुसऱ्या एका संस्थेने मला बोलावलं होतं, असंच काम, दुसरी टेकडी. मी नाही म्हटलं. जंगल परत आणता येतं यावर माझा विश्वास उरला नाही असंही नाही. पण ते उभं राहीपर्यंत जी जमीन आपल्या पायाखाली राहायला हवी, ती कुणाची राहील हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि ते माहीत नसताना पुन्हा कुणाला ‘सुखरूप आहे’ असं लिहिणं माझ्याच्याने होणार नाही.

काकांचा अधूनमधून फोन यायचा. पाण्याचा टँकर, गुडघ्याचं दुखणं, असं बोलायचे. टेकडीचं नाव दोघंही काढत नसू. गेल्या महिन्यात म्हणाले, मुलगा त्यांना नाशिकला नेतोय, सुकापूरचा फ्लॅट विकायला काढलाय.

“कधी निघताय?”

“पंधरा दिवसांत.”

“मी येऊन जाईन एकदा,” मी म्हणाले.

“या ना,” ते म्हणाले.

मी गेले नाही.