दीपालीच्या रायफलची हलकी बॅरल

मंडळी, दुपारी नेमबाजीच्या रेंजवरून आले आणि आल्या आल्या हे लिहायला बसलेय.

आमच्या रेंजवरची दीपाली कोडोलीची. लांब पल्ल्याची नेमबाजी करते. तीन महिन्यांपूर्वी आमच्या एका सीनियर सरांनी तिच्या रायफलला स्वतःची जुनी, हलकी बॅरल, म्हणजे नळी, बसवायला लावली. "पोरीला वजन झेपत न्हाय, हलकीच बरी," म्हणाले. तेव्हापासून तिच्या पहिल्या तीन-चार गोळ्या एकमेकींच्या जवळ लागतात आणि पुढच्या कुठंही जातात. सर रोज एकच सांगतात, "तुझा श्वास चुकतोय."

आज ती मला म्हणाली, "ताई, मी सोडतो की आता. माझ्यात न्हाय ते."

मी माझी जड बॅरलची रायफल तिच्या हातात दिली. दहाच्या दहा गोळ्या वाटीएवढ्या जागेत लागल्या. मग आम्ही तिच्या बॅरलमध्ये छोटा कॅमेरा घातला. गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चऱ्या पार झिजलेल्या. पातळ बॅरल तापली की नेम हलतोच, त्यात ही असली.

सरांना दाखवलं. ते हसले. "म्हाईत हाय की. शिकायला काय जातंय?"

किळस आली. आणि खरं सांगते, थोडी स्वतःचीही. पहिल्याच आठवड्यात तिचं टार्गेट बघून मला शंका आली होती. सरांना कोण विचारणार, म्हणून गप्प बसले.

उद्यापासून दीपाली माझ्या रायफलवर सराव करणार आहे. तुमच्याकडेही असे सर असतील. तुम्ही किती दिवसांनी तोंड उघडलंत?