सगळे आकडे बारा, सरासरी पंधरा

मी महाडला एका कंपनीत रिपोर्ट बनवायचं काम करते. दिवसभर एक्सेल. भुताखेतांचं सोडाच, पत्रिकेवरसुद्धा माझा कधी विश्वास बसला नाही. तरी हे लिहितेय...

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. गेल्या पावसाळ्यात घरांच्या मागच्या उताराला भेग पडली. माझे काका रोज सकाळी पट्टी लावून ती मोजायचे आणि मला फोन करायचे. मी आकडा शीटमध्ये टाकायचे. फॉर्म्युला अख्ख्या कॉलमला लावला होता — नवी ओळ भरली की त्या महिन्याची सरासरी आपोआप बदलायची. भेग वाढतेय का, एवढंच बघायचं होतं.

ऑगस्टमध्ये रोज बारा सेंटिमीटरच येत होतं. सगळ्या ओळींत बारा. आणि सरासरी तेरा.

आधी हसले. फॉर्म्युला पुन्हा लिहिला, नवी शीट केली. कॅल्क्युलेटरवर बारा. शीटमध्ये चौदा... मग पंधरा. ऑफिसातल्या मॅडमनीही तपासलं. लपलेली ओळ नाही, काही नाही. सगळे आकडे बारा असताना सरासरी पंधरा येऊच शकत नाही हो.

काकांना सांगितलं.

"माझी पट्टी खोटी नाय गो," ते म्हणाले. "पण तुझ्या जिवाला घोर लागलाय ना? मग उतरतो आम्ही."

त्यांनीच घरोघर फिरून सगळ्यांना खालच्या शाळेत आणलं. मला किती हलकं वाटलं होतं...

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन. मागे पावसाचा आवाज.

"वर आलोय. आजचा आकडा नको का तुला?"

"काका, नको. आधी खाली या."

"आता आलोच हाय तर लावतो पट्टी. थांब, सांगतो —"

पुढे नुसती घरघर, मग तीही नाही. अख्खा उतार खाली आला होता. वाडीतल्या बाकी कुणाला खरचटलंही नाही. काका तिसऱ्या दिवशी सापडले.

वाडीतले म्हणतात, तुझ्यामुळे वाचलो. काकूनं एकदाच विचारलं, "तुझ्या कम्पुटरला एवढं कळत व्हतं गो, मग ह्यांचं कसं नाय कळलं?"

आता शीट उघडली की सरासरी बारा दिसते. बरोबर. आधी पंधरा का दिसत होती, मला माहीत नाही. काकूला काय सांगायचं, तेही नाही.