सोबत एक व्यक्ती

आमच्या ठाण्यातल्या कॉलेजने गेल्या हिवाळ्यात हॉल ऑफ फेम काढला. हॉल म्हणजे जिमखाना आणि अकाउंट्स ऑफिस यांच्यामधला बोळ. परीक्षेची फी भरायची रांग तिथेच लागते. भिंतीला नवा रंग दिला, वर दिवे बसवले आणि नामवंत माजी खेळाडूंच्या तसबिरींसाठी खिळे ठोकले. एका विश्वस्तांना 'कीर्तिमंदिर' हे नाव हवं होतं. मंदिर म्हटलं की चपला बाहेर काढाव्या लागतील आणि आमची मुलं अनवाणी घरी जातील, असं मी म्हटल्यावर त्यांनी आग्रह सोडला. शेवटी पत्रिकेवर मोठ्या अक्षरांत 'हॉल ऑफ फेम' आणि खाली बारीक 'क्रीडा गौरव दालन' असं छापलं गेलं.

निवड समितीत मी होते. मी नौपाड्यात राहते, म्हणजे बैठकीला चालत येऊ शकते, आणि निवृत्त आहे, म्हणजे मला काही काम नसणार, हे दोन मुद्दे माझ्या बाजूने होते. त्याच कॉलेजात मी शिकले, त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. विद्यार्थिनी असताना मुलींच्या कबड्डी संघातही होते, पण राखीव. राखीव खेळाडूचं काम पंचांच्या टेबलाजवळ बसून लिंबाच्या फोडी वाटण्याचं. तिथून खेळ मात्र छान दिसतो.

तिथून मी दोघींना पाहत आले होते. एक कोपरीची, खाडीवर होड्या असलेल्या कोळी घरातली. आई मासळीबाजारात बसायची. दुसरी डोंबिवलीची, वडील बँकेत, घरात संध्याकाळी शुभंकरोती आणि पाढे. पहिली डाव्या कोपऱ्यावर उभी राहायची, दुसरी तिला लागून, तिचा हात धरून. दोघींची साखळी आमच्या वेळी या पट्ट्यात प्रसिद्ध होती. चढाईला आलेली मुलगी गडी मारून मध्यरेषेकडे वळली की या दोघी धरलेल्या हातांनिशी तिच्या वाटेत पडायच्या. फाटकासारख्या. ती कितीही धडकली तरी हात सुटायचे नाहीत. कधी निघायचं हे त्या बोलून ठरवत नसत. एकीच्या हाताने दुसरीच्या हाताला सांगितलेलं असायचं. मला ते कधी दिसलं नाही, मी फक्त फाटक बंद होताना पाहिलं.

पकड मात्र एकीच्याच नावावर लागे. भोंग्यावरून ओरडणारा माणूस "कोपऱ्याची पकड!" असं ओरडे आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात तेच येई. याचं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. डोंबिवलीची तर म्हणायची, "बरंय. बाबा पेपर वाचतात."

शेवटच्या वर्षी विद्यापीठाचा संघ निवडायची वेळ आली तेव्हा डोंबिवलीची सरावाला यायची थांबली. तिचं लग्न ठरत होतं. बघायला आलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं होतं, कोपरावर खरचटल्याच्या खुणा कशा? आईने सांगितलं, सायकलवरून पडली. तिला सायकल येत नव्हती. स्थळ पसंत पडलं आणि खेळ संपला. कोपरीची एकटी निवडीला गेली, विद्यापीठाकडून खेळली, पुढे राज्याकडून खेळली, खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीला लागली. एका हाताने साखळी होत नाही म्हणून ती घोटा धरायला शिकली आणि त्या पकडीसाठी नावाजली गेली.

त्यामुळे समितीत तिचं नाव येताच कोणी हरकत घेतली नाही. मी म्हटलं, "दोघींना घेऊ. ती जोडी होती."

अध्यक्ष म्हणाले, "जोडी म्हणजे? बॅडमिंटन दुहेरी?"

"कबड्डी."

"कबड्डी सांघिक खेळ आहे, मॅडम. मग अख्खा संघ घ्यावा लागेल."

"घ्या की."

"भिंत पुरणार नाही."

अर्थशास्त्रात आयुष्य घालवल्यामुळे साधनांच्या तुटवड्यापुढे मी हतबल होते. शिवाय निकष होता: विद्यापीठ किंवा त्यावरची पातळी. डोंबिवलीची त्या पातळीच्या एक पायरी खाली उतरून लग्नाच्या मांडवात गेली होती.

कोपरीला निरोप घेऊन मीच गेले. ती आता साठीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, पण खांदे अजून तसेच. नोकरीत तिने सगळं आयुष्य साहेबांशी छापील मराठी बोलून काढलं. आमच्याशी अजून घरचंच बोलते. पत्रिका तिने उलटसुलट करून पाहिली.

"फेटा बांधनार काय गो मला?"

"सगळ्यांनाच बांधणार. भाड्याने आणलेत."

"आनि ती?"

ती म्हणजे कोण हे विचारायची गरज नव्हती. मी निकष सांगितला, भिंतीचंही सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"घोटा मी नाईलाजानं शिकले, बाय," ती म्हणाली. "लोक म्हनतात हिचा घोटा, हिचा घोटा. हात धरायला कोन नव्हता म्हनून धरला मी घोटा. ती बाजूला उभी राहत असंल तर मी येते. नायतर तुमची तसबीर तुम्हीच लावा."

ती हे रागाने बोलली नाही. मासळीचा भाव सांगावा तसं बोलली. त्यात घासाघीस होणार नाही, हे मला कळलं.

वाट पत्रिकेनेच काढून दिली. आपल्याकडे सत्कार सपत्नीक करायची रीत आहे. नवरा ज्या मैदानावर घाम गाळत होता ते मैदान कुठे आहे हेही जिला माहीत नाही, ती त्याच्या शेजारी उभी राहून अर्धी शाल घेते. मला यात गैर वाटत नाही. इतकी वर्षं त्याच्या गोष्टी ऐकल्याबद्दल काहीतरी मिळायलाच हवं. पत्रिकेत तसंच छापलं होतं: 'गौरवमूर्तींनी सपत्नीक उपस्थित राहावे'. बायकांनाही गौरवायचं आहे हे पत्रिका छापून आल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं, म्हणून बायकांच्या पत्रिकांवर ते खोडून पेनाने 'सोबत एक व्यक्ती' असं लिहिलं होतं. कोपरीचीचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मी अध्यक्षांना विचारलं, ही एक व्यक्ती कोणीही चालेल का?

"कोणीही आणू दे. फोटोत दोन माणसं दिसली म्हणजे झालं. एकट्या माणसाची चौकट रिकामी वाटते."

मग मी डोंबिवलीला गेले. तिने पोहे केले, नातवाचा झबला बाजूला केला आणि शांतपणे म्हणाली, "मी नाही येणार. टाळ्या वाजवायला इतक्या लांब कशाला?"

"टाळ्या वाजवायला नाही. स्टेजवर."

"कोण म्हणून?"

यावर मी काहीतरी तयार करून गेले होते, ते आठवलं नाही. "तिच्या शेजारी उभी राहणारी म्हणून," मी म्हटलं.

ती पोह्यांवर पुन्हा कोथिंबीर घालू लागली, आधीच घातलेली असताना. मग तिने सांगितलं ते मलाही माहीत नव्हतं. सामन्याआधी पंच नखं तपासत, वाढलेली असली तर खेळू देत नसत. त्या दोघी एकमेकींची नखं कापायच्या, स्वतःची स्वतः कधी नाही. "ती फार खोल कापायची गं. भाजी चिरताना झोंबायचं. आई विचारायची, काय झालं, मी सांगायचे, काही नाही." ती हसली. "अजून नखं कापताना वाटतं, हे काही आपलं काम नाही."

"येतेस ना?"

"साडी कुठली नेसू?"

दोघी फोनवर अधूनमधून बोलत होत्या, पण भेटल्या नव्हत्या. लग्नकार्यं, बाळंतपणं, आजारपणं, मग करोना. कोपरी ते डोंबिवली हे अंतर कोणालाही सांगायची लाज वाटावी इतकं कमी आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी त्या कॉलेजच्या दारात भेटल्या. मला वाटलं होतं गळ्यात पडतील. कोपरीचीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय गो, वाळली! नवरा जेवायला घालत नाय काय?"

"तू माझ्या वाटचं खाल्लंस वाटतं."

आणि लगेच दोघी आत गेल्या, हात धरून, एक डाव्या कोपऱ्याला आणि दुसरी तिला लागून, पहिल्या रांगेत. मी मागच्या रांगेत, सवयीप्रमाणे, टेबलाजवळ.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. ते येईपर्यंत सूत्रसंचालकाने आम्हाला शेर ऐकवले, त्यांतले काही बहुधा त्याचे स्वतःचे असावेत. मग दीपप्रज्वलन, मग वाऱ्याने विझलेलं दीपप्रज्वलन पुन्हा, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनी भाषणात पुन्हा करून दिला. आपणही लहानपणी कबड्डी खेळलो आणि राजकारणात तिचा फार उपयोग झाला, असं ते म्हणाले. लोक हसले. ते विनोद करत नव्हते.

सत्कार सुरू झाले. एक जलतरणपटू सपत्नीक. एक जलदगती गोलंदाज, आता बिल्डर, सपत्नीक. एक टेबल टेनिसवाले सपत्नीक. त्यांच्या पत्नीच्याच डोक्यावर फेटा बसला, त्यांचा डोळ्यांवर आला. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी पाहुण्यांना घड्याळ पाहताना पाहिलं. सूत्रसंचालकाच्या हातात एक चिठ्ठी गेली आणि तो म्हणाला, "वेळेअभावी यापुढे केवळ गौरवमूर्तींनीच मंचावर यावे, ही नम्र विनंती." 'वेळेअभावी' हा शब्द आधी भरपूर वेळ घालवल्याशिवाय वापरता येत नाही.

पुढचं नाव कोपरीचीचं होतं.

दोघी उठल्या. मंचाच्या पायऱ्यांपाशी छातीवर बॅज लावलेला एक कार्यकर्ता उभा होता. त्याने डोंबिवलीचीला तळहात दाखवला. अगदी अदबीने म्हणाला, "काकू, फक्त गौरवमूर्ती." मी मागून पुढे येऊन म्हटलं, "त्या दोघी एकत्र आहेत, अध्यक्षांशी बोलणं झालंय." तो म्हणाला, "मॅडम, मागे पाहुणे थांबलेत." कोपरीचीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने मैत्रिणीचा हात धरून ठेवला होता आणि पाय पहिल्या पायरीवर टाकला होता. ती तशीच वर गेली असती. त्या माणसाची तिला अडवायची टाप नव्हती; असल्या माणसाला तिने उचलून मध्यरेषेपलीकडे ठेवलं असतं.

डोंबिवलीचीने हात सोडला.

नुसता सोडला नाही, दुसऱ्या हाताने तिची बोटं सोडवली. "जा तू, जा, वेळ नको घालवू," असं काहीतरी म्हणाली आणि पदर सावरत खुर्चीवर येऊन बसली. सभ्य घरातल्या बाईने विनंती झाल्यावर बसावं तशी.

वर कोपरीचीला फेटा घातला, शाल घातली, नारळ दिला. तिच्या घोट्याच्या पकडीबद्दल सूत्रसंचालक भरभरून बोलला. ती सबंध वेळ खाली बघत होती. फोटोवाल्याने तिला दोनदा सांगितलं, मॅडम, इकडे. फोटोत ती तिसरीकडेच बघते आहे. तो आता बोळात लागला आहे. चौकट रिकामी वाटते, हे अध्यक्षांचं खरं होतं.

कार्यक्रम संपल्यावर बटाटेवडे होते. आम्ही तिघी जिमखान्याच्या कठड्यापाशी कागदी बशा घेऊन उभ्या राहिलो. कोपरीचीने फेटा काढून कठड्यावर ठेवला.

"का सोडला?" तिने विचारलं.

"सांगितलं ना त्यांनी."

"कोनी? त्यानं? पंच होता काय तो? शिट्टी मारली काय कोनी?"

"तुझा कार्यक्रम बिघडला असता गं."

"माझा?" कोपरीचीचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "मी कशाला आले होते इथं?"

डोंबिवलीचीने बशी खाली ठेवली. ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नीट, विचार करून बोलली, हिशोब समजावणाऱ्या बँकेतल्या बापाची मुलगी.

"मला सगळीकडे शिट्टी ऐकू येते. आई म्हणाली पुरे, मी थांबले. नोकरीचं विचारलं तर सासरे म्हणाले कशाला, मी थांबले. तो बॅजवाला माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने हात वर केला आणि मला वाटलं, झालं, संपलं." मग म्हणाली, "आले नसते तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मला कोणी बोलावलंच नाही. बोलावलं असतं तर मी गेले असते, असं वाटायचं. आता तेही नाही म्हणता येणार."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. पुढच्या वर्षी जोडीचा मुद्दा पुन्हा मांडते, असं. समितीतली माणसं बोलतात तसं. दोघींपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही, ते योग्यच होतं. कोपरीचीने शालीची घडी घातली, ती नीट जमली नाही, उलगडून परत घातली.

फाटकाबाहेर रिक्षा मिळाली. डोंबिवलीची स्टेशनपर्यंत एकटीच जाते म्हणाली, सून वाट बघत असेल. कोपरीचीलाही स्टेशन ओलांडूनच घरी जायचं होतं. ती रिक्षेत तिच्या शेजारी बसू शकली असती. मी वाट पाहत होते की ती बसेल. तिने एक पाय पुढे टाकलाही.

"तू आत्ता बसू नको," डोंबिवलीची आतून म्हणाली. "मी फोन करीन."

"कर," कोपरीची म्हणाली, आणि मागे सरली.

महिने झाले. मी दोघींना अधूनमधून विचारते. एक म्हणते, करते आज. दुसरी म्हणते, करंल ती.