ड्रममधला निळा कोट

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या ठोक्याला खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तरुणपणी तो एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचा, तेव्हा चिकटलेलं हे नाव. बँड कधीचाच मोडला, पण त्यांचं एक गाणं जगलं. नवी पोरं गिटार हातात घेतली की आधी तेच शिकायची.

'खुंटीवर निळा कोट, ऊब त्याची जाईना, एकच बटण पांढरं...'

पांढरं बटण म्हणजे विरहातला चंद्र, असं रेडिओवरच्या बाईंनी एकदा घोळवून सांगितलं होतं. कुणी म्हणे, मृत्यू. गाणं लिहिणारा गायक नुसता गालात हसायचा. "काही गोष्टी दोघांतच राहू द्याव्यात," म्हणायचा. ठोक्याला कधी कुणी विचारलं नाही. ड्रमवाल्याला शब्दांचं कोण विचारतो!

गायकाला जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा एका दुपारी त्याची बायको ठोक्याच्या दुकानामागच्या खोलीत येऊन बसली.

"भावजी, रविवारी त्यांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. मला पुढे बसवणार, ते गाणं लावणार आणि सगळे माझ्याकडे बघणार. माझ्याकडे निळा कोट कधीच नव्हता. कोण होती ती? आता सांगून टाका. तिच्या झिंज्या उपटायला जाण्याइतके गुडघे काही राहिले नाहीत माझे."

"कुणी नव्हती, वहिनी. कोट माझा होता. म्हणजे, माझ्या आईचा."

मग त्याने सांगितलं. बँडमध्ये चाल आधी बसायची, शब्द मागाहून. तोवर गायक समोर दिसेल ते चालीत कोंबायचा: बादली, शिडी, कुणाचे फाटके बूट. त्या हिवाळ्यात ठोक्याची आई गेली होती. अंगात घालायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तो तिचाच कोट घालून सरावाला यायचा, वाजवताना खुंटीला अडकवायचा. "आल्या बाईसाहेब!" म्हणून सगळे चिडवायचे. पुढे बादली-शिडीच्या जागी खरे शब्द आले, कोटाच्या जागी मात्र दुसरं काही बसेना.

"पुरे," वहिनी उठल्याच. "मित्राला पाठीशी घालायची तुमची खोड जुनीच."

ठोक्याही उठला. कोपऱ्यातल्या मोठ्या ड्रमवरची चादर त्याने काढली, स्क्रू सैल करून पुढचं कातडं उतरवलं. आवाज फार घुमू नये म्हणून या ड्रममध्ये जुनी कापडं कोंबतात. त्याने आतून कोट ओढून काढला. निळा, धुळीने माखलेला. बटणं सगळी निळी, एक तेवढं पांढरं, वेड्यावाकड्या टाक्यांनी लावलेलं.

"तुटलं होतं. मीच लावलं."

वहिनींनी बटणावरून बोट फिरवलं आणि त्या मटकन खाली बसल्या.

"जन्मभर एका कोटावर जळले मी!" त्या हसल्या, मग डोळे पुसले. "मेल्याने एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "रविवारी हाच घालून बसू? बघू देत सगळ्यांना."

आईचं म्हणावं असं त्याच्याकडे आता एवढंच होतं. त्याने कॉलरवरची धूळ झटकली.

"न्या. बाही जपा, उसवलीय."

"तुम्ही येताय ना? बोलावणं आलं असेल."

"आलंय की," तो म्हणाला. आलं नव्हतं.

वहिनी गेल्यावर त्याने कातडं पुन्हा चढवलं, स्टुलावर बसून ड्रमच्या पेडलवर पाय दाबला. एकच ठोका. रिकाम्या ड्रमातून तो खोलीभर घुमत राहिला. शेवटी त्याने वाकून कातड्यावर तळहात ठेवला.