मेंदीत रंगवलेली माशी

समुद्रातून नदीत शिरलेला सॅल्मन काही खात नाही. अंडी घालण्यासाठी तो जिथे जन्मला त्याच नदीत परत येतो, महिनोन् महिने प्रवाहाच्या उलट वर चढत राहतो, आणि त्या सगळ्या काळात त्याच्या पोटात काही जात नाही. तरीही कधीतरी, समोरून वाहत गेलेल्या खोट्या माशीवर तो तोंड टाकतो. का, ते कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. मी पुष्कळ वाचतो, पण हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. सौदीतल्या खमीस मुशैतमधल्या आमच्या गच्चीवर एका वेल्श बाईंनी ते माझ्या बायकोला सांगितलं होतं, आणि ती इतकी हसली की चहाचा ठसका लागला.

"म्हणजे रोजा धरलेला मासा!" ती म्हणाली. "आणि त्याला आपण भुलवायचं? सिस्टर, हा गुनाह आहे."

"भुलतो कुठे?" बाई म्हणाल्या. "बहुतेक तर बघतसुद्धा नाहीत. माझं अर्धं आयुष्य न बघणाऱ्या माशांपुढे उभं राहण्यात गेलंय."

त्या दोघी एकाच हॉस्पिटलात नर्स होत्या. बाई वयाने मोठ्या, ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणून माझी बायको त्यांना सिस्टर म्हणायची. मग मीही म्हणू लागलो. त्यांना कुणी इंग्लिश म्हटलेलं खपत नसे. मी इथल्या भारतीय शाळेत ग्रंथपाल. आम्ही दोघं रत्नागिरीकडचे, एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. माझ्या सासऱ्यांची होडी होती. माझी बायको लहानपणी धक्क्यावर बसून गरी टाकायची, बोय आणि शिंगाळे काढायची, आणि संध्याकाळी आईच्या तव्यावर नेऊन टाकायची. मासा म्हणजे काय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गरज पडली ती वेगळ्याच गोष्टीची. असीरच्या डोंगरातून तिहामाच्या किनारपट्टीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, बोगदे ओलांडून खाली गेलं की एका वादीत, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यात, बारा महिने पाणी असतं. त्यात वीतभर लांबीचे, ओठाला मिशा असलेले मासे आहेत. सिस्टरना ते एका सहलीत दिसले, आणि पुढच्याच सुट्टीत त्या घरून आपली मासे धरायची काठी घेऊन आल्या. वेल्समधल्या नद्यांवर त्यांना वडिलांनी ट्राउट धरायला शिकवलं होतं, मग सॅल्मन. केस आणि पिसं गळावर बांधून केलेली माशी, इतकी हलकी की नुसती फेकली तर हाताशीच पडेल. म्हणून तिच्यामागची दोरीच जड असते, आणि फेकायची असते ती दोरी. ती मागे जाऊन हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मगच हात पुढे आणायचा.

हे थांबणं माझ्या बायकोला जमेना. खाडीवर झटका मारायची सवय. सिस्टरनी तिच्या कोपराखाली पुस्तक धरायला लावलं. पुस्तक पडलं म्हणजे हात जास्त हलला. पुस्तक अर्थातच माझं. मी सावलीत बसून वाचत होतो ते त्यांनी सरळ काढून घेतलं.

"अहो, आणखी जाड नाही आणलंत?" बायको ओरडली. "हे निसटतंय."

"कथासंग्रह आहे तो."

"पुढच्या वेळी शब्दकोश आणा. तुमचा काहीतरी उपयोग होऊ दे."

तिला पहिला मासा लागला तेव्हा तिने तो एका हाताने काढला, डोक्यामागे अंगठ्याने दाबला आणि कुणाला काही कळायच्या आत जेवणाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. सगळं एका दमात, चेहऱ्यावर काही न दिसता. सिस्टर गुडघाभर पाण्यातून धावत आल्या.

"तो सोडायचा होता!"

"सोडायचा? मग धरला कशाला?"

"धरायला."

माझी बायको माझ्याकडे वळली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "ह्यांचं डोकं ठिकाणावर आहे ना? विचारा जरा."

डबा उघडला तेव्हा मासा मेलेला होता. त्या दिवशी तो तिने घरी नेऊन हळद-मीठ लावून तळला, आणि सिस्टरना अर्धा वाढला. काटेच काटे. सिस्टरनी मुकाट्याने खाल्ला आणि मग शांतपणे सांगितलं की त्यांच्या नदीत सॅल्मन आता इतके कमी येतात, की लागलेला प्रत्येक मासा परत सोडायचा असा कायदाच आहे. त्यांच्या वडिलांच्या वेळी वळणावळणाला दिसायचे. आता पूर्ण हंगाम उभं राहून एक लागला तरी लोक फोन करून सांगतात.

 त्यानंतर बायकोने एकही मासा घरी आणला नाही. हात आधी ओला करायची, मासा पाण्याबाहेर काढायची नाही, गळ सोडवून त्याचं तोंड प्रवाहाकडे धरायची आणि तो आपणहून जाईपर्यंत वाकून राहायची. मी काठावरून बघत असे. वाड्यावस्त्यांवरची माकडं गाडीच्या टपावर बसून आमची भाकरी शोधत असत. सुट्टीच्या त्या शनिवारांत काय घडलं म्हणून कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. काही घडत नव्हतं. फार सुखाचे दिवस होते ते.

सिस्टर निवृत्त होऊन गेल्या तेव्हा काठी तिच्यासाठी ठेवून गेल्या, आणि माश्या बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजाही. जाताना ठरलं की आम्ही दोघांनी एका सप्टेंबरात वेल्सला यायचं, आणि माझ्या बायकोने सॅल्मनपुढे उभं राहायचं. लागला तर लागला. ती दोन वर्षं सुट्टी साठवत होती. हॉस्पिटलातल्या बाकीच्या नर्स दुबईला जाऊन येत, ही जायची नाही. रात्रपाळी करून आली तरी व्हिडिओवर सिस्टरच्या नदीचं पाणी बघायची: पावसानंतर काळ्या चहासारखं झालेलं, वर ओक आणि अल्डरची झाडं वाकलेली. "पाणी चढलंय बघा," मला म्हणायची, जणू ते आमच्या मागच्या गल्लीत होतं.

ज्या वर्षी जायचं होतं त्याच वर्षी उन्हाळ्यात तिच्या पोटात दुखू लागलं. रिपोर्ट तिने आपल्याच हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या आधी वाचला. घरी आली, हात धुतले आणि मला म्हणाली, "सप्टेंबरची तिकिटं काढू नका."

मी म्हटलं, "ऑक्टोबरची काढू."

"नको," ती म्हणाली. "मी नर्स आहे हो."

आपण एवढंच बोललो का, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं. पण तेवढंच बोललो.

तिने जायचा विषय पुन्हा काढला नाही. एक दिवस मात्र मला म्हणाली, बाजारात जा आणि पांढऱ्या शेळीचे थोडे केस आणा, लांब, शेपटीचे. खमीसच्या गुरांच्या बाजारात मी यापूर्वी कधी पाऊल टाकलं नव्हतं. विकणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं मला शेळी हवी आहे. शेपटीचे केस हवेत हे समजल्यावर त्याने कात्रीने एक झुपका कापून दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईने बाहेर आलो. त्या म्हाताऱ्याची दाढी मेंदीने नारिंगी झालेली होती. घरी आल्यावर मी ते तिला सांगितलं.

"तोच," ती म्हणाली. "तोच रंग हवाय मला."

गढूळ, उतरत्या पाण्यात सॅल्मनला नारिंगी दिसतं, असं सिस्टरनी शिकवलं होतं. तिने वाटीत मेंदी भिजवली आणि केस त्यात रात्रभर ठेवले. मग काळ्या शेळीचे थोडे, तिच्या निकाहाच्या ओढणीतून काढलेली जरीची एक तार, आणि वर हे नारिंगी केस.  पहिल्या दोन माश्या तिने स्वतःच उसवून टाकल्या. तिसरी बांधली तेव्हा तिला अंथरुणावर उशांना टेकवून बसवावं लागलं होतं. शिकंजा मी जेवणाच्या ट्रेवर घट्ट धरून बसलो होतो.

"हलू नका."

"हलत नाहीये."

"श्वास घेताय."

माशी झाली तेव्हा ती तिने दिव्यापुढे फिरवून पाहिली. लंडनला जाणाऱ्या एका नर्सबरोबर औषधाच्या रिकाम्या डबीत घालून ती पाठवली. तिथून टपालाने पुढे. सिस्टरना तिने फोनवर सांगितलं, "मला यायला जमत नाही. ही पाठवलीय. हिला घेऊन जा."  सिस्टरनी वचन दिलं की हंगाम संपेपर्यंत आपल्या तिथल्या काठीला दुसरी माशी लावणार नाही.

त्यानंतर आमच्या घरात एकच गोष्ट होती: ती माशी. ती स्वतःच्या दुखण्याबद्दल विचारत नसे. ग्लानीतून जागी झाली की विचारायची, "फोन?" सिस्टर एक दिवसाआड नदीवर जात आणि संध्याकाळी कळवत. काही नाही. आज एक मासा वर उसळला, पण माशी घेतली नाही. आज पाणी फार खाली. आज पाणी फार वर. आज काही नाही. बायको ऐकायची आणि मान हलवायची. तिला सूपही जाईनासं झालं होतं. एकदा मी चमचा पुढे केला तेव्हा तिने तोंड फिरवलं आणि म्हणाली, "न खाणाऱ्या माशाच्या तर माशी घे म्हणून मागे लागलोय आपण. माझ्या मागे कशाला लागताय?" हसायचा प्रयत्न केला तिने. मी चमचा खाली ठेवला.

ती गुरुवारी सकाळी गेली. दुपारी असरच्या नमाजानंतर दफन झालं. शाळेतले शिक्षक, हॉस्पिटलातले पुरुष, मशिदीत येणारी अनोळखी माणसं; सगळ्यांनी माती दिली. पुण्याला शिकणारी आमची मुलगी दुसऱ्या दिवशी पोहोचली. मी ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं: तिचे भाऊ, माझी बहीण, गाव. सिस्टरना नाही कळवलं. टाळत होतो असं नाही. त्या नदीवर असतील, माशी पाण्यात असेल, असं मनात यायचं आणि फोन हातातून खाली ठेवला जायचा.

रविवारी दुपारी स्वयंपाकघरातून मुलगी म्हणाली, "अब्बा, अम्मी का फोन बज रहा है।"

मी उचलला. आधी पाण्याचा आवाज आला, खूप मोठा. मग धापा.

"लागला! लागला! तिच्या माशीवर! द्या तिला."

"मी बोलतोय," मी म्हणालो.

"तुम्ही बोलताय ते कळतंय मला. तिला द्या. झोपली असली तरी उठवा. शिव्या घालेल, घालू देत."

एक वाक्य बोललो असतो तर माशाची गोष्ट तिथेच थांबली असती. मग ती कधीच कुणी कुणाला सांगितली नसती. मी खुर्ची ओढून बसलो.

"आधी मला सांगा," मी म्हणालो. "सगळं."

"तुम्हाला? तुम्ही तर पुस्तक वाचत बसायचात."

"कुठे होतात? वरच्या डोहावर?"

"नाही, खाली, पुलाच्या पलीकडे. रात्री पाऊस झाला, सकाळी पाणी उतरायला लागलं."

"रंग?"

"चहा. दूध न घातलेला."

"माशी किती खोल होती?"

"हातभर. काठाच्या मुळांशी फिरवून आणत होते. मग दोरी थांबली. नुसती थांबली, मला वाटलं दगड."

"ओढलं नाहीत ना?"

त्या हसल्या. "अगदी तिच्यासारखं विचारताय! नाही ओढलं. काही केलं नाही. तो वळला तेव्हा आपोआप रुतला गळ." मग त्यांनी सांगितलं की मासा मादी होता, अंड्यांनी जड, कातडीवर तांबूस रंग चढलेला. खाली धावला, पुलापर्यंत गेला, त्यांना पाण्यातून मागे जावं लागलं, बुटात पाणी शिरलं. फोटो नाही. दोन्ही हात माशाखाली होते, आणि त्याला वर उचलायचं नव्हतं. गळ सहज सुटला. बराच वेळ धरून ठेवावं लागलं. मग त्या मादीने शेपटी मारली आणि गेली. मी एकेक गोष्ट विचारत गेलो. जे जे तिने विचारलं असतं ते. मला एवढं येतं हे मलाही माहीत नव्हतं.

"आता जा," सिस्टर म्हणाल्या. "शब्द न् शब्द सांगा तिला."

"सिस्टर," मी म्हणालो, "ती गुरुवारी गेली."

पाणी वाहत होतं. मग त्या काहीतरी बोलल्या, त्यांच्या भाषेत, मला न समजणाऱ्या. मी उलट विचारलं नाही. आपल्याकडेही अशा वेळी जे म्हणतात ते समजावून द्यावं लागत नाही.

"माशी माझ्या हातात आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "थोडे केस तुटलेत. पाठवू तुम्हाला?"

मी मुलीकडे पाहिलं. ती दारात उभी होती आणि मी इतका वेळ कुणाशी, कशाबद्दल बोलतो आहे ते तिला कळत नव्हतं.

"हंगाम कधी संपतो?" मी विचारलं.

"अजून तीन दिवस आहेत."

"मग नका पाठवू," मी म्हणालो. "पाण्यात टाका."

त्या "बरं" म्हणाल्या. त्यानंतर त्यांचा हंगामातला फोन आला नाही, आणि मीही केला नाही. त्या तीन दिवसांत त्या नदीवर गेल्या की नाही ते मला माहीत नाही. मुलगी पुण्याला परत गेली, शाळा सुरू होती, मी कामावर जाऊ लागलो. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, त्या बुधवारी संध्याकाळी मात्र ग्रंथालय बंद करून मी बराच वेळ आत बसून राहिलो, आणि सिस्टरच्या नदीवर अंधार कधी पडतो त्याचा मनाशी हिशेब काढत होतो.