अकराव्या रिळातला लतीफ टेलर

अकरावं रीळ रिवाइंडरवर फिरत होतं आणि फिल्मची कड मी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरली होती. शोआधी प्रिंट तपासायची हीच पद्धत. जॉइंट, म्हणजे तुटलेली फिल्म जिथं चिकटवलेली असते ती जागा, आला की बोटाला ठेच लागते. एक लागली. लगेच दुसरी. मग दोन हातांच्या अंतरात सात. मी रीळ थांबवून फिल्म उजेडात धरली.

प्रत्येक ऑपरेटरचा जॉइंट वेगळा असतो. चिकटवण्याआधी फिल्म खरवडताना मी ब्लेड जरा तिरकं धरतो. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी बोटांवर मारूनही ती खोड गेली नाही. इथं सातच्या सात जॉइंट तिरके होते. म्हणजे माझेच.

मी भिवंडीत, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या गावात, एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. गोष्ट नव्वद सालानंतरची. त्या सोमवारी एक जुना नट वारला. कधी हिरो झाला नाही, पण एका पिक्चरमध्ये त्यानं लतीफ टेलर केला होता आणि भिवंडीला तो आपल्या घरातला माणूस वाटायचा. कारण साधं आहे. पिक्चरमधले टेलर कापड हातात घेतात आणि नुसतं कुरवाळतात. लतीफ टेलर आधी किनार बघायचा, मग अंगठ्यानं ताणा, म्हणजे उभे धागे, चाचपायचा, आमच्याकडचा माल तपासणारा माणूस बघतो तसा. पहिल्या शोला हॉलमधून कोणीतरी म्हणालं होतं, "ये अपना आदमी है." तेव्हापासून तो आमचा.

त्याचे सीन लोकांना पाठ होते. गरिबाच्या लग्नाची शेरवानी उरलेल्या तुकड्यांतून शिवतो तो. पोलिसाचा फाटका खिसा पोलीस उभा असतानाच शिवतो तो. पण सगळ्यांचा राजा सीन अकराव्या रिळात. शेठ दुकान बळकवायला येतो. लतीफ काही न बोलता टेप काढतो आणि शेठचं डोक्यापासून पायापर्यंत माप घेतो. म्हणतो, "सेठ, तेरी नाप ले ली." मग थांबतो, टेप हाताला गुंडाळतो. आणि म्हणतो, "कपड़ा कम लगेगा."

एवढंच. त्यावर लोक हॉल डोक्यावर घ्यायचे.

ऐंशीच्या दशकात हा पिक्चर आमच्याकडे पहिल्यांदा लागला, तेव्हा पब्लिक रोज वन्स मोअर मागायचं. न दिला तर खुर्च्यांची काही खैर नसायची. मी मशीन थांबवायचो, फिल्म हातानं मागं ओढायचो आणि टेप गुंडाळण्याच्या जागेपासून पुन्हा सोडायचो. मशीनचा पहिला झटका तिथंच बसायचा. फिल्मच्या कडेची भोकं फाटायची. फाटलेला तुकडा कापून मी जॉइंट मारायचो. तिथं कोणी बोलत नाही, गेलं तर काय गेलं, असा हिशेब.

तो हिशेब चुकीचा होता, आणि मला ते शिकवलेलं होतं. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असते. मशीनमध्ये चित्र वर दिसतं आणि आवाज खाली वाचला जातो, म्हणून आवाज चित्राच्या जवळजवळ सेकंदभर आधी छापलेला असतो. टेप गुंडाळणारा लतीफ मी कापत होतो, तेव्हा त्याच्या कडेला छापलेलं "कपड़ा कम लगेगा" कापलं जात होतं. रोज चार-पाच चौकटी. मला पत्ता लागला नाही, कारण तोवर शिट्ट्या इतक्या असायच्या की वाक्य ऐकूच यायचं नाही.

आता तीच प्रिंट गावोगाव फिरून परत माझ्यासमोर आली होती. रिकाम्या हॉलमध्ये रीळ लावून बघितलं. लतीफचे ओठ हलले. आवाज आला तो जॉइंटचा 'थप्' आणि शेवटचा 'गा'.

जुम्म्याला लूम बंद. नमाजानंतर तीनचा शो खास लतीफ टेलरच्या आठवणीसाठी ठेवला होता. तो मागायला आला होता बाळाराम जॉबर. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. हा जवळच्या खारबाव गावचा, वीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेला, कानांनी जवळजवळ गेलेला. त्यानं कारखान्या-कारखान्यात जाऊन सांगितलं होतं, आणि लोक येणार होते ते त्या एका सीनसाठी. तो मीच खाल्ला होता.

मॅनेजर अन्वरभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "मधू, सीनच काढून टाक. शेठ येतो, शेठ जातो. खतम."

"लोक त्यासाठीच येतायत."

"अर्धा डायलॉग ऐकवलास तर पडदा फाडतील. नाय दाखवला तर नुसत्या शिव्या देतील. शिव्या परवडतात."

मी म्हटलं, "सीन लागणार, अन्वरभाई. कसा ते मी बघतो."

बुधवारी मुंबईला डिस्ट्रिब्युटरच्या डेपोत गेलो. दुसरी प्रिंट आहे का विचारलं. क्लार्कनं मान वर न करता सांगितलं, "बाकीच्या भंगारात गेल्या. आतापर्यंत फिल्म वितळवून बांगड्या झाल्या असतील." परत येताना अंजूरफाट्याला उतरलो आणि तडक बाळारामच्या कारखान्यात गेलो. खरं काय ते त्याला आधी कळायला हवं होतं.

शेडमध्ये चाळीस लूम चालू होते. मी त्याच्या कानाशी ओरडायला लागलो. त्यानं हातानं मला मागं सरकवलं, तोंडासमोर उभं केलं आणि खूण केली, बोल. मी साध्या आवाजात बोललो. मला माझंच ऐकू येत नव्हतं. जॉइंट, कापाकापी, सगळं सांगितलं. तो माझ्या ओठांकडं बघत होता. मग मला बाहेर घेऊन आला.

"म्हंजे तुजीच करनी."

"माझीच."

"तोंड दिसतं ना त्याचं?"

"तोंड पूर्ण आहे. आवाज नाही."

"मंग आवाज कोनाला पायजे? हितं कोन कोनाचं ऐकतंय? सगळा कारखाना तोंड बघून चालतो. तू फकस्त तोंड साफ दाखव."

आयुष्यभर मी आवाज फुटला की घाबरायचो. चित्र थोडं मऊ असलं तरी चालायचं. आता उलटं करायचं होतं. गुरुवारी सकाळपासून बसलो. त्या सीनची फिल्म मलमलीच्या फडक्यानं हात-हात करून पुसली. ओरखड्यांनी पडद्यावर उभ्या रेघा पडतात, त्याला आम्ही पाऊस म्हणतो. तो अर्धा तरी कमी झाला. सातही जॉइंट उकलून नव्यानं मारले, ब्लेड सरळ धरून. लेन्स खोलून धुतली. उजेडासाठी आमच्याकडे कार्बनच्या कांड्या जळायच्या, आणि अन्वरभाई त्या बोटभर उरेपर्यंत वापरायला लावायचे. मी नव्या काढल्या. ते येऊन बघून गेले.

शुक्रवारी हॉल भरला. अकरावं रीळ चढलं. लतीफनं टेप काढला तसा हॉल खुर्च्यांच्या कडेवर आला. "सेठ, तेरी नाप ले ली." मी आवाजाचा फेडर शून्यावर आणला. म्हणजे 'थप्' नाही आणि 'गा' पण नाही.

ओठ हलले. खालच्या क्लासमधून हसू उठलं, मोठं, पोटातलं. लूमवाल्यांनी वाचलं होतं. बाल्कनीतले व्यापारी एकमेकांना विचारत राहिले. शिट्टी मारायला तोंडात बोटं गेलेली मी केबिनच्या झरोक्यातून बघितली. पण शिट्टी वाजली नाही. हसू मधेच थांबलं आणि हॉल गप्प झाला. मला वाटलं, संपलं, आता पडदा फाटणार. मी फेडर वर घेतला. पिक्चर पुढं चालू राहिला.

शो सुटल्यावर बाळाराम केबिनमध्ये आला. डोळे लाल.

"तू बघितलंस का त्याला?"

"मी फेडर बघत होतो."

"बोलल्यावर हनवटी हालते त्याची. टेप असा आवळून धरतो. भ्यालेला हाय तो, मधूदादा. शेठला भ्यालेला हाय, आनि तरी बोललाय."

सहाच्या शोलाही तोच पिक्चर होता, तेव्हा मी बघितलं. खरंच हनवटी हलते. जेमतेम दोन सेकंद. इतक्या वर्षांत ते कोणी पाहिलं नव्हतं, कारण तिथं पब्लिक उभं राहायचं आणि मी मशीन थांबवून फिल्म मागं ओढायचो. त्या माणसानं त्या दोन सेकंदांसाठी जीव ओतला होता आणि आम्ही ते रोज त्याच्या हातातून हिसकावून घेत होतो. मला रडू आलं. तेव्हाही लपवलं नाही, आजही लपवत नाही.

प्रिंट परत पाठवताना रिपोर्टात लिहिलं: रीळ अकरा, एका वाक्याचा आवाज गेलेला, दोष माझा. खाली सही. डेपोनं कडक पत्र पाठवलं आणि अन्वरभाईंनी ते चहा पिता पिता मला मोठ्यानं वाचून दाखवलं. नव्या कार्बनचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

नट गेल्यावर लोक त्याच्या डायलॉगच्या आठवणी काढतात. काढाव्यात. पण ऑपरेटर म्हणून एवढं सांगतो: टाळी जरा उशिरा वाजवावी. माणूस बोलून झाल्यावरही काम करत असतो.