पलीकडचं मीठ

“टाकलं का गं?”

भट्टीच्या भोकातून मूठभर मीठ आत फेकलं की कुंभार मान वाकडी करून ओरडायचे. भट्टीपलीकडून बायकोचा आवाज यायचा, “कवाच! तुम्हीच मागं ऱ्हाता.”

माझा नाशिक रोडला लोणच्याचा व्यवसाय. बरण्या सिन्नरजवळच्या या कुंभाराकडून घ्यायचे. मला माल वेळेवर आणि एकसारखा लागतो, म्हणून भट्टी लागली की मी स्वतः हजर.

या बरण्यांना झिलई हाताने लावत नाहीत. भट्टी पुरेशी तापली की दोन्ही बाजूंनी आत मीठ टाकायचं, आपलं स्वयंपाकाचंच. ते तडतडतं, त्याची वाफ होते आणि वाफ तापलेल्या मातीवर बसून तिची काच बनते. चकचकीत, हाताला संत्र्याच्या सालीसारखी. जिथे वाफ पोचत नाही, तिथली बरणी कोरडी राहते. त्यांची भट्टी लांबट, म्हणून दोन बाजूंना दोन माणसं. तुम्हीही अशी जोडपी पाहिली असतील, दिवसभर एकमेकांवर खेकसणारी आणि एकट्याने चहासुद्धा न पिणारी.

एका हिवाळ्यात त्यांची बायको गेली. तापाचं निमित्त झालं.

पुढच्या भट्टीला मी गेले. नाकाला फडकं बांधून त्यांनी मीठ फेकलं, मान वाकडी केली. “टाकलं का गं?”

आणि थांबून राहिले.

“भाऊ, मी जाऊ का पलीकडे?”

“नको ताई, धूर लय वाईट. तिकडचं ती बघंल.”

भट्टी उघडली तेव्हा पलीकडच्या सगळ्या बरण्या कोरड्या. मी कामाचं बोलले, “असा माल कोणी घेणार नाही. माणूस ठेवा, पगार मी देते.”

ते पलीकडच्या भोकाकडे बघत म्हणाले, “माणूस ठेवला तर ती कुठं उभी ऱ्हाईल?”

मी कोरड्या बरण्याही गाडीत भरल्या. बाकीची गिऱ्हाइकं मात्र तुटली. दर भट्टीला माल कमी होत गेला, त्यांचा खोकला वाढत गेला. हाक तेवढी तीच राहिली.

शेवटच्या भट्टीला मिठाची बादली उचलून ते पहिल्यांदाच पलीकडे गेले. मी अलीकडे एकटीच उभी. तडतड ऐकू आली, पांढरा धूर निघाला. मग त्यांचा आवाज, खोकत, पण अगदी तिच्या ठसक्यात:

“कवाच! तुम्हीच मागं ऱ्हाता.”

भट्टी निवायच्या आधीच ते गेले. त्यांच्या भावाने आणि मी मिळून ती उघडली. तिच्या बाजूच्या बरण्या लखलखत होत्या. त्यांच्या बाजूच्या साऱ्या कोरड्या.

मी दोन्हींतली एकेक घरी आणली. लोणचं घातलं नाही. ओट्यावर एकमेकींना चिकटून ठेवल्या आहेत. जागा अडते, हलव, असं घरचे रोज म्हणतात.

हलवत नाही.